विज्ञानकथा-प्रयोग : रापणीच्या दोरातलं कृत्रिम मन आणि १२८ शब्द

खारवारा (धागाकर्ता)

सगळ्यांनी मिळून एक विज्ञानकथा रचायची आहे. जागा मालवण ते देवबाग, कारली नदी समुद्राला मिळते तिथपर्यंतचा किनारा. काम रापणीचं. होडी जाळं सोडत अर्धगोल मारून परत येते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, प्रत्येक दोराला वीस-पंचवीस माणसं. त्यांच्या जोडीला एक कृत्रिम मन. त्याला चेहरा नाही, हातपाय नाहीत. जाळ्याच्या खालच्या, शिसं बांधलेल्या दोरात ओवलेल्या बारा मण्यांमध्ये ते राहतं. जाळं ६०० मीटर धरलंय. पहिला मणी टोकापासून २५ मीटरवर, पुढे दर ५० मीटरला एक.

कथेत बंड नको, जगबुडी नको, यंत्राला माणूस व्हायची हौस नको. पहिल्या ओढीपासून मासळीचे वाटे पडेपर्यंतचा वेळ, बस्स. निवेदकही नको. ओढणारे बोलतील आणि मणी बोलतील.

आधी आराखड्यातली भोकं दाखवा. भाषेचं नंतर बघू.

सिग्नल_गोंगाट

पहिलं भोक इथेच आहे. मणी बोलणार कसे? फोनमध्ये वापरतो तो वायफाय-ब्लूटूथचा रेडिओ खाऱ्या पाण्यात काही सेंटिमीटरांत संपतो. जीपीएसही पाण्याखाली नाही. राहिला आवाज.

आता बरेच लेखक इथे 'आवाज पोचायला वेळ लागतो' यावर अख्खी कथा उभी करतात. तुमच्या बाबतीत ते चालणार नाही. ६०० मीटरचा अर्धगोल म्हणजे त्रिज्या साधारण १९० मीटर. आपल्याकडच्या कोमट समुद्रात आवाज सेकंदाला सुमारे १५४० मीटर जातो. म्हणजे सगळ्यात लांबच्या मण्याचा आवाज सेकंदाच्या आठव्या हिश्शात किनारा गाठतो. एवढ्या उशिराला कोण विचारतो.

खरी अडचण उथळपणाची. चार-पाच मीटर पाण्यात एकच आवाज सरळ येतो, पृष्ठभागावर आपटून येतो, वाळूवर आपटून येतो, आणि या प्रती एकमेकींवर चढतात. भराभर बोललात तर आधीच्या खुणेचा पडसाद पुढच्या खुणेत मिसळतो. म्हणून सावकाश बोलायचं. सेकंदाला ८० बिट, म्हणजे ० किंवा १ अशा ८० खुणा, धरा. प्रयोगशाळेतले आकडे याच्या कितीतरी पुढे असतात, पण लाटा फुटतात तिथे हेच बरं.

दुसरी गोष्ट, आणि कथेसाठी ही जास्त कामाची. लाट फुटते त्या पट्ट्यात पाण्यात हवेचे बुडबुडे भरलेले असतात आणि बुडबुडे आवाज खातात. मणी त्या पट्ट्यात शिरला की मुका आणि बहिरा. दोन्ही टोकं आधी किनाऱ्याला येतात, तेव्हा १ आणि १२ नंबरचे मणी पहिले गप्प होणार, मग २ आणि ११. शेवटपर्यंत बोलते राहणार ६ आणि ७. जाळ्याची मधली पिशवी, म्हणजे मासळी, नेमकी तिथेच असते.

कुर्ली

मग बोयाला (जाळ्याच्या तरंगत्या गोळ्याला) अँटेना लावा ना. वरच्या दोराला बोये असतातच. खालच्या मण्यापासून वर वायर नेली की झालं, आवाजाची भानगडच नको.

तांडेलवाडी

वायर टिकत नाही. जाळं होडीत घड्या घालून रचतात आणि सोडताना ते सरसर सुटत जातं. जाळीच्या आसात (भोकांत) अडकलेली वायर पहिल्याच सोडणीत ताणली जाते. आणि जिथे वायर अडकते तिथे जाळंही फाटतं, हे जास्त वाईट. रापणकर असली वस्तू दुसऱ्या दिवशी कापून फेकतील. मण्यांना बाहेर आलेलं काहीच नको. अडकवायचा आकडा नको, पाण्यात फिरणारा पंखा तर नकोच. पंख्यात नायलॉनचा धागा गुंडाळला की दांड्याजवळची सील कापली गेलीच म्हणून समजा.

अनुस्वार

८० बिटांवर देवनागरी बोलायची म्हणजे हिशेब बघा. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. 'बांगडा' यात ब, काना, अनुस्वार, ग, ड, काना अशी ६ चिन्हं, म्हणजे १८ बाइट, म्हणजे १४४ बिट. एक बांगडा सांगायला पावणेदोन सेकंद! तेवढ्यात दोर हातभर पुढे आलेला असेल.

म्हणून अक्षरं पाठवायचीच नाहीत. शब्दांची यादी करायची आणि फक्त शब्दाचा क्रमांक पाठवायचा. ८ बिटांत २५६ शब्द बसतात. पण सगळे २५६ वापरले तर प्रत्येक क्रमांक वैध ठरतो. एक बिट उलटा झाला की 'ओढा'चं 'थांबा' होईल आणि ऐकणाऱ्याला पत्ताही लागणार नाही. त्यापेक्षा शब्द १२८ ठेवा आणि आठवा बिट तपासणीला द्या, म्हणजे आठ बिटांत १ किती वेळा येतो ती संख्या सम ठेवायची. एक बिट बिघडला तर कळेल की शब्द खराब आहे. मूळ शब्द कोणता ते मात्र कळणार नाही, तिथे रिकामी जागा येईल.

चुका दुरुस्त करणारी पद्धतही आहे. ८ बिटांना आणखी ४ जोडले की एका बिटाची चूक दुरुस्त होते. पण कथेला ती नको. दुरुस्त झालेली चूक वाचकाला दिसत नाही, रिकामी जागा दिसते. शिवाय दोन बिट एकदम उलटले तर सम संख्या समच राहते आणि चुकीचा शब्द बरोबर म्हणून पुढे जातो. कथेत असा प्रसंग एकदा येऊ द्या, एकदाच. दोनदा आला की वाचक म्हणेल लेखकाने सोय करून घेतली.

एका संदेशात जास्तीत जास्त आठ शब्द, म्हणजे ६४ बिट. बोलायला ०.८ सेकंद, पडसाद विरायला ०.३. बारा मण्यांची एक फेरी सुमारे १३ सेकंदांची.

मतलई

हे फारच आवडलं. म्हणजे तेरा सेकंदांनी एकदा, आठ शब्द. छंदच मिळाला की आयता.

पण मग १२८ शब्द निवडले कुणी? माझ्या मते कथेचं पोट इथे आहे.

तांडेलवाडी

निवडणार ओढणारे. आणि त्यांना काय लागतं ते सांगतो, म्हणजे यादी हवेत बनणार नाही.

रापण फसते ती पाच-सहा कारणांनी. खालचा दोर तळावरून उचलला गेला की मासळी खालून निसटते. हे सगळ्यात जास्त घडतं आणि किनाऱ्यावरून अजिबात दिसत नाही. एक बाजू पुढे, एक मागे अशी ओढ झाली की पिशवी तिरकी होते. पाण्याला किनाऱ्यालगत ओढ असेल तर अख्खं जाळं सरकत जातं; मग सगळ्यांना दोर धरून त्या दिशेला चालत राहावं लागतं. खडक लागला तर जाळं फाटतं. जेलीफिश भरली तर जाळं इतकं जड होतं की बाहेर येत नाही, आणि आली तरी हात-पाय भाजतात. शेवटी, पिशवी जवळ आली की बांगडा उसळून वरच्या दोरावरून उडी मारतो. तेव्हा पाण्यात उतरून बोये हाताने उचलून धरावे लागतात.

म्हणून पहिले शब्द : उचलला, टेकला, जड, हलका, खडक, थांबा, सावकाश, डावीकडे, उजवीकडे. माशांची नावं नंतर.

'उचलला' आणि 'टेकला' यांचे क्रमांक असे द्या की चारेक बिटांचा तरी फरक राहील. हे अनुस्वार यांच्या हिशेबातच बसतं.

सिग्नल_गोंगाट

माशांबद्दल. खालच्या दोरातल्या मण्याला मासा दिसणार नाही, ऐकूही फार थोडा येईल. माशाचा पडसाद मुख्यतः त्याच्या वाताशयातल्या (पोटातल्या पिशवीतल्या) हवेमुळे येतो. मोरीला (शार्कला) वाताशय नसतो, त्यामुळे मोठी मोरी बाजूने गेली तरी मण्याला ती जवळजवळ नसल्यासारखी. उलट ढोमा मासा स्वतःच टरटर वाजतो, त्याचा थवा न विचारता ओळखता येतो. तेव्हा मणी 'ढोमा' छातीठोक म्हणेल आणि बांगड्याच्या वेळी 'मासे, बहुतेक' यापुढे जाणार नाही. लेखकांनो, हा फरक सांभाळा. यंत्राला सगळंच सारख्या खात्रीने कळतं असं लिहिलंत की कथा पडली.

खडकाचं मात्र मण्याला आधी कळू शकतं. खडकाळ तळाशी टिचकी वाजवणारी बारीक कोळंबी असते. तिचा एका नांगीचा झटका असा आवाज करतो की उष्ण समुद्रातल्या खडकांजवळ सतत तडतड चाललेली असते. वाळूच्या तळावर ती फार कमी असते. तडतड वाढत गेली म्हणजे खडक जवळ येतोय. माणसाला हे किनाऱ्यावरून कळायची सोय नाही.

आणि ० हा क्रमांक 'माहीत नाही'साठी राखून ठेवा. कथेतला सगळ्यात महाग शब्द तोच होईल.

बोल्ट_वॉशर

मण्याच्या देहाबद्दल कुणीच बोलेना म्हणून.

आकार एक लिटरच्या आसपास, दोन्ही टोकं निमुळती, जाळीत अडकणार नाहीत अशी. कवच जाड प्लास्टिकचं घ्या, धातूचं नको. लोक उत्साहाने अॅल्युमिनियमचं कवच आणि त्याला स्टेनलेसचे स्क्रू लिहितात. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू चिकटून असले की अॅल्युमिनियम झिजत जातं. ३०४ जातीचं स्टेनलेससुद्धा समुद्रात खड्डे पडून खराब होतं. ३१६ जास्त टिकतं, पण वॉशरखालच्या फटीत तेही गंजतं.

दाबाची भीती नको. दहा मीटरला एक वातावरण वाढतं, तुमचं पाणी पाच मीटर. पाणी आत शिरतं ते दाबामुळे कमी आणि झाकणाच्या रबरी कड्यावर बसलेल्या वाळूच्या एका कणामुळे जास्त. म्हणून कडं पुसायचं, बोट फिरवून बघायचं, सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यायचा (थापायचं नाही, ग्रीसलाच वाळू चिकटते), मग हातपंपाने आतली हवा थोडी ओढून पंधरा मिनिटं काटा हलतो का बघायचं. हे सगळं वाळूवर बसून करायचं नाही, एवढं कथेतल्या माणसाला कळलं पाहिजे.

वीज : ऐकणं, थोडा विचार आणि तेरा सेकंदांतून एकदा बोलणं, सरासरी ४ वॅट धरा. सहा तासांना २४ वॅट-तास. नेहमीचे १८६५० आकाराचे तीन सेल, प्रत्येकी दहा-अकरा वॅट-तासांचे, पुरतात. तिन्हींचं वजन दीडशे ग्रॅमच्या आत. भरलेला मणी पाण्यात तेवढ्याच लांबीच्या शिशाच्या गोळ्यांइतका जड भरला पाहिजे, नाहीतर ज्या दोराची राखण करायची तोच दोर मणी उचलून धरेल.

कुर्ली

कारलीच्या मुखाशी गोडं पाणी आलं की वजन बदलणार ना?

बोल्ट_वॉशर

लिटरमागे २५ ग्रॅम, तेही पाणी पूर्ण गोडं असेल तर. शिशापुढे ते कुठे दिसतंय.

सिग्नल_गोंगाट

वजनाला फरक नाही पडणार, आवाजाला पडेल. गोडं पाणी हलकं म्हणून वर तरंगतं आणि त्यात आवाज थोडा हळू जातो. आवाज नेहमी हळू थराकडे वाकतो. म्हणजे मण्याचा आवाज वर वळून पृष्ठभागाशी विखुरणार. मुखाजवळच्या तीन-चार मण्यांच्या संदेशांत रिकाम्या जागा जास्त दाखवा, बाकीचे स्वच्छ.

मतलई

पहिला तुकडा टाकतेय. ‹ › म्हणजे मणी, ▢ म्हणजे खराब शब्द.

> ‹४ दोर टेकला›
> ‹५ दोर टेकला ओढ डावीकडे›
> — डावीकडसून पाणी ओढता हा. चला, चला, दोर सोडू नकात.
> ‹६ जड वाढतंय›
> ‹७ जड वाढतंय मासे बहुतेक›
> ‹९ दोर ▢›
> — नवाचा काय म्हणता?
> — दोर, आणि फुडे काय नाय.
> — टेकलो की उचललो?
> — आयकाक येना नाय. फुडच्या फेरीक सांगात.
> — तोपर्यंत वडू की नको?
> ‹१० दोर टेकला›
> ‹११ माहीत नाही›
> — धाचा टेकला. नवाचा टेकलाच आसतला.
> — उजवे, सावकाश!
> ‹४ दोर टेकला›

अनुस्वार

चांगला आहे. तीन शेरे.

१ आणि १२ गप्प झाले असतील तर २ आणि ३ का नाहीत, हे वाचकाला कळायला हवं. आधीच्या पानावर त्यांचे संदेश ▢ ▢ ▢ होत संपलेले दाखवा. एकदम गायब केलेत तर छपाईची चूक वाटेल.

८ नंबर सुटलाय. मुद्दाम असेल तर उत्तम, पण मग पुढच्या फेरीतही सुटू द्या आणि कुणाच्या तरी तोंडून 'आठाचा आयकलास?' हे येऊ द्या.

११ 'माहीत नाही' म्हणतो तो फुकट गेलाय. हा शब्द मण्याने केव्हा वापरायचा याचा नियम ठरवा. माझी सूचना : दोर टेकलाय की नाही हे मणी वाळूच्या घासण्याच्या आवाजावरून आणि स्वतःच्या कलण्यावरून ठरवतो. दोन्ही जुळले तर बोलतो, न जुळले तर ०. दाबावर विसंबू नये, कारण लाट डोक्यावरून गेली की खोली अर्धा मीटर वरखाली होते आणि दोर उचलला जातो तो वीतभरच.

तांडेलवाडी

मतलई, संवाद नीट आहे. एक गोष्ट खटकली. 'तोपर्यंत वडू की नको' हे कुणी विचारत नाही. ओढ थांबत नसतेच. लाट आत येते तेव्हा जाळं हलकं लागतं, तेव्हा घ्यायचं. पाणी मागे फिरतं तेव्हा नुसतं धरून ठेवायचं. ती लय पायांना कळते. प्रश्न असा येईल : 'घेवचा की धरून ऱ्हवायचा?'

तेरा सेकंदांत एक-दोन लाटा जातात. म्हणजे मण्याचं म्हणणं कानावर येईपर्यंत ओढणाऱ्यांनी एकदा घेऊनही झालेलं असतं. मणी नेहमी मागच्या लाटेचं सांगतो आणि माणसं पुढच्या लाटेचा निर्णय घेतात. हे कुणीही समजावून सांगायचं नाही, संवादांच्या क्रमातूनच दिसलं पाहिजे.

कुर्ली

मग ओढायलाही यंत्र का नको? गावात माणसं राहिलीत कुठे. पोरं मुंबईला नाहीतर गोव्याला. दोराला वीस माणसं जमवणं हीच विज्ञानकथा आहे.

बोल्ट_वॉशर

ठेवायचं असेल तर ठेवा, पण ठरावीक वेगाने फिरणारं चाक ठेवू नका. पाणी मागे फिरतं त्या क्षणी दोरावरचा ताण एकदम चढतो. वेगाला बांधलेलं यंत्र तरीही ओढतच राहतं आणि जाळं शिवणीत फाटतं. ताणाला बांधलेलं यंत्र हवं, ठरलेल्या ताणापुढे घसरणारं. तो ताण किती ठेवायचा हे मात्र यंत्राने ठरवू नये. जाळं किती जुनं आहे हे तांडेलाला (होडीच्या प्रमुखाला) ठाऊक असतं.

खारवारा (धागाकर्ता)

ओढणारं यंत्र या कथेत नको. दोराला माणसं कमी असतील तर कमीच दाखवू, बाराऐवजी आठ मिनिटांनी धाप लागू दे. पण वाट्यांचा प्रश्न टाळता येणार नाही. रापण सामायिक असते. जाळ्याचे तुकडे वेगवेगळ्या घरांचे, होडी कुणाची, अंगमेहनत सगळ्यांची, आणि वाटे त्यावर पडतात. मण्यांना वाटा द्यायचा का?

तांडेलवाडी

पद्धत गावागावांत वेगळी, तेव्हा कथेपुरती एक धरा. समजा चाळीस वाटे. अठ्ठावीस माणसांचे, दहा जाळ्याचे, दोन होडीचे. मणी जाळ्यात धरले तर त्यांची कमाई जाळेवाल्या घरांना जाते, आणि ज्यांच्याकडे फक्त हात आहेत ते म्हणणार, शब्द आम्ही निवडले, शिकवलं आम्ही. मणी माणसांत धरले तर एकोणतिसावा वाटा घेणार कोण?

मतलई

वाटा माशांचा असतो ना? मग मण्यांचा वाटाही माशांचाच पडू दे. वाळूवर एक ढीग. त्याचं काय करायचं यावर भांडण. विकून सेल घ्या म्हणणारे, गरिबाघरी द्या म्हणणारे, आणि 'तेका इचारा' म्हणणारा एक. विचारलं तर मणी आठ शब्दांत उत्तर देणार, आणि १२८ शब्दांत 'वाटा' हा शब्दच नाही, कारण यादी करताना कुणाला त्याची गरज वाटली नव्हती.

अनुस्वार

इथे घाई नको. मणी आता वाळूवर आहेत, पाण्याबाहेर. हवेत त्यांना वायफायवरून हवं तेवढं बोलता येईल. १२८ शब्दांची अट पाण्यापुरतीच होती. ती बाहेरही लागू ठेवायची तर कारण द्या.

सिग्नल_गोंगाट

कारण सोपं आहे. चार वॅटमध्ये मावणारा विचार. मण्यांत मोठी भाषा बसवलेलीच नाही, त्यांना येतात ते एवढेच शब्द. बाहेर आल्यावर वेग वाढेल, शब्दसंख्या नाही. तेरा सेकंदांऐवजी बाराही मणी एकदम बोलतील इतकंच, आणि तो गलका लिहायला मजा येईल.

खारवारा (धागाकर्ता)

घेतलं. आता महिना. पावसाळ्यात ठेवू का? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, बिगर-यांत्रिकी पारंपरिक होडीला नसते. विचार करणारा दोर यांत्रिक म्हणायचा की पारंपरिक, यावर गावात खल होऊ शकतो.

तांडेलवाडी

खल फक्कड होईल पण रापण होणार नाही. जून-जुलैच्या लाटांत या उघड्या किनाऱ्यावर होडी बाहेर काढून अर्धगोल मारणं शक्य नाही. बंदीचा वाद हवा तर ऑक्टोबरात कुणाच्या तरी तोंडी घाला, पुढच्या वर्षाची काळजी म्हणून.

बोल्ट_वॉशर

ऑक्टोबर म्हणजे उन्हाचा. काळा मणी वाळूवर तासभर पडला की आतले सेल तापतात. वाटे पडताना मणी ओल्या गोणपाटाखाली ठेवा. भांडण चाललेलं असताना एक पोरगं अधूनमधून त्यावर पाणी मारत असेल.

अनुस्वार

तिथी ठरवा, नाहीतर भरतीचं गणित चुकेल. मतलईच्या पुढच्या तुकड्यात (व्यक्तिगत निरोपात पाठवला होता) अष्टमी आहे आणि सकाळी आठला भरती लागतेय. तिथीची पाऊणपट केली की मुंबईकडची पूर्ण भरतीची वेळ येते, अष्टमीला सहा. मालवणकडे ती थोडी आधी, पाचच्या सुमाराला धरा. म्हणजे आठला ओहोटी अर्ध्यावर असणार, आणि भांगाचं (लहान भरती-ओहोटीचं) पाणी म्हणून ओढही मंद.

चतुर्थी घ्या. चारची पाऊणपट तीन, मालवणला दोनच्या आसपास भरती, आठच्या सुमाराला पूर्ण ओहोटी आणि तिथून पाणी चढायला लागतं. तुम्हाला हवी तीच वेळ. शुद्ध की वद्य हे होडी केव्हा निघते त्यावर. वद्य चतुर्थीला पहाटे चंद्र पश्चिमेला असतो आणि तांडेलाला बोये दिसतात. शुद्ध चतुर्थीला तो रात्रीच मावळलेला, म्हणजे जाळं अंधारात सोडावं लागेल आणि पहिल्या अर्ध्या पानावर फक्त मणी बोलतील. मी शुद्ध घेईन. त्या पानासाठी शब्द पुरतात का ते यादीवर मोजून बघा. सध्या ११९ झालेत.